‘वाइल्डलाइफ ॲनालिसिस’: ७७ सेकंदांच्या प्रारंभिक रचनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही रचना नेमकी कोणती आणि ती कुठे येते?

‘वाइल्डलाइफ ॲनालिसिस’ ही बोर्ड्स ऑफ कॅनडा या स्कॉटिश जोडीच्या ‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’ या अल्बममधील पहिली रचना आहे. वॉर्प आणि स्कॅम या दोन ब्रिटिश लेबलांनी मिळून हा अल्बम एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. रचनेची लांबी १ मिनिट १७ सेकंद आहे. तिच्यात शब्द नाहीत आणि ठेकाही नाही. सिंथेसायझरवरची एक साधी सुरावट डुलत डुलत येते, थोडा वेळ रेंगाळते आणि ओसरून जाते. त्यानंतर लागणारी रचना सहा मिनिटांहून लांब आहे, आणि अल्बमचा ठेका खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. त्यामुळे घाईत ऐकणारे अनेक जण पहिल्या रचनेला प्रस्तावनेचे पान समजून पुढे जातात.

मग एवढ्याशा तुकड्याविषयी लिहिण्यासारखे काय आहे?

पुढचा सगळा अल्बम या तुकड्यावर उभा आहे, असे मला मनापासून वाटते. सर्वसाधारण प्रारंभिक रचना पुढे काय येणार आहे याची चुणूक दाखवते. ही रचना तसे काही करत नाही. पुढची एकही सुरावट ती सुचवत नाही, वातावरण तापवत नाही, उत्सुकता ताणत नाही. ती फक्त कान बदलते. ऐकायला बसताना आपण बिनचूक, स्थिर सुराची अपेक्षा घेऊन येतो, आणि इथे पहिल्याच क्षणापासून सूर किंचित खाली-वर हेलकावत असतो. सुरुवातीचे काही क्षण तो बिघाड वाटतो. मिनिटभरात कान त्याला सरावतो, आणि रचना संपेपर्यंत तो हेलकावा हीच या जगाची नेहमीची स्थिती होऊन बसते. पुढचा तासभर जे काही ऐकू येते ते या बदललेल्या कानाने ऐकू येते, म्हणून ते जुने, ओळखीचे आणि थोडे हुरहूर लावणारे वाटते. हे काम ७७ सेकंदांत, शब्दांविना आणि कोणताही गाजावाजा न करता होते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

बोर्ड्स ऑफ कॅनडा हे कलाकार कॅनडाचे आहेत का?

नाहीत. मायकेल सँडिसन आणि मार्कस ओअन हे दोघे भाऊ स्कॉटलंडचे आहेत. आपण सख्खे भाऊ आहोत ही गोष्ट त्यांनी बरीच वर्षे जाहीर केली नव्हती. २००५ च्या सुमारास मुलाखतींमधून ती समोर आली. लहानपणी काही काळ त्यांचे कुटुंब कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी येथे राहत होते. गटाचे नाव नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा या सरकारी चित्रसंस्थेवरून घेतलेले आहे. त्या संस्थेचे शैक्षणिक लघुपट आणि माहितीपट या भावांनी लहानपणी पाहिले होते, आणि त्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचा, विशेषतः त्यातल्या काहीशा वितळल्यासारख्या सिंथेसायझरच्या आवाजाचा, त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

रचनेचे नाव एखाद्या माहितीपटासारखे का आहे?

याचे उत्तर वरच्या उत्तरातच दडलेले आहे, पण त्याला आणखी एक पदर आहे आणि तो मला फार आवडतो. नॅशनल फिल्म बोर्डाची स्थापना १९३९ मध्ये झाली आणि तिचा पहिला प्रमुख जॉन ग्रिअरसन हा स्कॉटिश होता. १९२६ मध्ये एका चित्रपटाच्या परीक्षणात ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरून तो रूढ करणारा हाच माणूस. त्याने १९४१ मध्ये ज्याला बोर्डात आणले तो ॲनिमेशनकार नॉर्मन मॅकलॅरेन हाही स्टर्लिंगचा, म्हणजे स्कॉटिशच. मॅकलॅरेनने एक विलक्षण गोष्ट केली. चित्रफितीच्या कडेला ध्वनीसाठी जी अरुंद पट्टी असते तिच्यावर त्याने हाताने रेघा आणि ठिपके काढले. प्रोजेक्टरमधला प्रकाश त्या पट्टीतून जाताना त्या खुणांचे थेट ध्वनीत रूपांतर होते, आणि म्हणून वाद्य नसतानाही संगीत तयार होते. सिंथेसायझर सर्वांच्या हाती येण्याच्या कित्येक वर्षे आधी त्या संस्थेत कृत्रिम ध्वनी असा अक्षरशः रेखाटला जात होता.

म्हणजे स्कॉटिश माणसांनी कॅनडात जाऊन उभी केलेली एक ध्वनिपरंपरा दोन स्कॉटिश मुलांच्या कानांवरून पुन्हा स्कॉटलंडला परतली. ‘वन्यजीवांचे विश्लेषण’ असे कोरडे, वर्गात दाखवायच्या लघुपटाला शोभेल असे नाव घेऊन ही रचना सुरू होते, तेव्हा एखाद्या अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लागतो आहे आणि पडद्यावर पहिले चित्र उमटायचे आहे, असा भास होतो. चित्र मात्र उमटत नाही. ते ऐकणाऱ्याने स्वतः आणायचे असते.

सूर सतत डगमगतो. माझ्या हेडफोनमध्ये किंवा फाइलमध्ये काही दोष आहे का?

काहीही दोष नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि या रचनेचे मर्मही त्यातच असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

चुंबकीय टेपवर मुद्रित केलेला सूर खरा लागायचा असेल, तर टेप वाजताना अगदी त्याच वेगाने सरकली पाहिजे ज्या वेगाने ती मुद्रणाच्या वेळी सरकली होती. घरगुती कॅसेटमध्ये हा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतका कमी असतो. व्यावसायिक स्टुडिओत तो अनेकदा सेकंदाला ३८ सेंटिमीटर ठेवला जाई. टेप ओढण्याचे काम एक फिरणारा धातूचा दंड आणि त्यावर दाबून बसणारे रबरी चाक करते. त्या चाकाला खाच पडली, रबर कडक झाले, पट्टा सैल झाला किंवा टेपच्या गुंडाळीचा ताण कमीजास्त झाला, की वेग बदलतो आणि वेगाबरोबर सूरही बदलतो. हा बदल सावकाश असेल, म्हणजे सेकंदातून एखाद-दोनदा किंवा त्याहूनही कमी वेळा होत असेल, तर त्याला ‘वाव’ म्हणतात. जलद असेल तर ‘फ्लटर’.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. वेग १ टक्क्याने वाढला तर ४४० हर्ट्झचा सूर ४४४.४ हर्ट्झवर जातो, आणि हा फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका असतो. अर्धा स्वर पूर्ण चढायचा तर वेगात जवळपास ६ टक्के वाढ व्हावी लागते. म्हणजे कानाला स्पष्ट जाणवणारा, पण सुरावटीची ओळख न पुसणारा हेलकावा अगदी थोड्या बिघाडातून निर्माण होतो. माणसाचा कान अशा बदलांना फार संवेदनशील असतो. म्हणूनच टेपयंत्रे तपासण्याच्या प्रमाणित पद्धतीत सेकंदाला चारच्या आसपासच्या चढउतारांना सर्वाधिक वजन दिलेले असते.

या दोघा भावांनी हा दोष लपवण्याऐवजी वाद्यासारखा वापरला. जुन्या टेपयंत्रांतून ध्वनी फिरवून घेणे, तो पुन्हा पुन्हा मुद्रित करून झिजू देणे, सिंथेसायझरचे दोन आवाज एकमेकांपासून किंचित सरकवून ठेवणे, ही त्यांच्या कामाची परिचित पद्धत आहे. ‘वाइल्डलाइफ ॲनालिसिस’मध्ये ठेका नाही, गायन नाही, लक्ष दुसरीकडे वेधणारे काहीच नाही. त्यामुळे हा हेलकावा आपल्याला उघड्यावर भेटतो. पुढच्या रचनांत तो ड्रमच्या मागे आणि आवाजांच्या तुकड्यांखाली असतो, पण तोवर आपण त्याला ओळखू लागलेलो असतो.

ठेका का ठेवला नसेल?

ठेका ऐकणाऱ्याला काळ मोजायला लावतो. इथे काळ मोजला जाऊ नये, हीच रचनेची गरज आहे. शिवाय ठेक्याच्या ठाम खुणांजवळ सूर डगमगला तर तो आणखी बिघडल्यासारखा वाटला असता.

याला आलाप म्हणता येईल का?

हा प्रश्न मराठी श्रोत्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे, कारण ठेका सुरू होण्याआधीचा, कान तयार करणारा भाग म्हटला की आपल्याला आलापच आठवतो. साम्य आहे ते एवढ्यापुरतेच. आलापात राग हळूहळू उलगडतो, स्वरामागून स्वर प्रस्थापित होतो आणि पुढे येणाऱ्या बंदिशीचा पाया तिथे घातला जातो. इथे सुरावट उलगडत नाही, तीच फिरून येते, आणि तिच्यातले स्वर पुढच्या रचनेचा पाया होत नाहीत. सुराचा हेलकावाही आपल्या आंदोलनासारखा वाटला तरी त्याचे मूळ निराळे आहे. आंदोलन गायक विशिष्ट स्वरावर, रागाच्या नियमानुसार घेतो. टेपचा हेलकावा सगळ्या स्वरांना एकदम, आवाजाच्या पोतासकट आणि पार्श्वभूमीच्या सुरसुरीसकट हलवतो. म्हणूनच तो गळ्याचा किंवा हाताचा वाटत नाही, वस्तूच्या झिजण्याचा वाटतो. जवळचा शब्दच हवा असेल तर मी ‘नांदी’ म्हणेन, कारण नांदी हा नाटकाच्या कथेचा भाग नसतो आणि तरीही तिच्यानंतर रंगमंच पूर्वीसारखा राहत नाही.

मी स्कॉटलंडमध्ये किंवा कॅनडात वाढलो नाही. तरी ही रचना मला माझ्या लहानपणात का नेते?

कारण ती कोणत्याही ठरावीक आठवणीकडे बोट दाखवत नाही. एखाद्या काळातले गाजलेले गाणे वापरले असते, तर ते त्या काळात आणि त्या देशात वाढलेल्यांनाच भिडले असते. इथे जे जुने आहे ते माध्यमाच्या पातळीवर जुने आहे: उंच कंप्रता (फ्रिक्वेन्सी) गळून पडलेला, थोडा मऊ आणि थोडा घसरलेला आवाज. कॅसेट, चित्रफीत आणि जुने दूरचित्रवाणी संच जिथे जिथे पोहोचले तिथल्या साऱ्यांच्या लहानपणीचा आवाज असाच होता. सुरावट अनोळखी असते आणि तिचा पोत मात्र ओळखीचा असतो. या दोहोंच्या मधल्या जागेत आपले मन स्वतःची आठवण आणून ठेवते.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर याने १६८८ मध्ये बासेल येथील वैद्यकीय प्रबंधात घडवला, तो घरापासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या एका आजाराचे नाव म्हणून. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. आज आपण तो गोड हुरहूर या अर्थाने वापरतो, पण या रचनेत मूळची वेदनाही थोडी शिल्लक आहे असे मला जाणवते. सूर खाली घसरतो तेव्हा काहीतरी हातून निसटत असल्याची भावना येते, आणि तो परत वर येतो तेव्हा ती पूर्ण भरून निघत नाही. अल्बमचे मुखपृष्ठही हेच सांगते. त्यावर एका कुटुंबाच्या सहलीचे, निळसर-हिरव्या रंगात भिजलेले छायाचित्र आहे आणि त्यातल्या माणसांचे चेहरे पुसलेले आहेत. चेहरे पुसल्यामुळे ते कुटुंब कोणाचेही होऊ शकते, आणि त्याच कारणाने ते पाहताना मन थोडे अस्वस्थही होते.

या संगीताला ‘हॉन्टॉलॉजी’ म्हणतात, हे बरोबर आहे का?

तो शब्द फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्या १९९३ च्या लेखनातून आला, आणि २००५-०६ च्या सुमारास मार्क फिशर व सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकांनी तो संगीतासाठी वापरायला सुरुवात केली. म्हणजे ही रचना त्या वापराच्या आधीची आहे. हरवलेल्या भूतकाळाची वर्तमानात जाणवणारी सावली, असा त्याचा ढोबळ अर्थ घेतला तर तो इथे लागू पडतो. रचना ऐकण्यासाठी मात्र त्याची काही आवश्यकता नाही.

अल्बममध्ये इतक्या छोट्या रचना आणखी किती आहेत?

मूळ ब्रिटिश आवृत्तीत १७ रचना आहेत आणि त्यांतल्या ७ दोन मिनिटांहून कमी लांबीच्या आहेत. या सातांची एकत्रित लांबी सुमारे दहा मिनिटे भरते, तर संपूर्ण अल्बम तासाभराहून थोडा जास्त आहे. त्यांना ‘जोडतुकडे’ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. लांब रचनांपेक्षा अशा छोट्या रचना आपण अधिक संख्येने करतो आणि त्या आपल्याला अधिक प्रिय आहेत, अशा आशयाचे या भावांनी स्वतः सांगितलेले आहे.

शेवटची रचना सव्वा मिनिटाच्या आसपास आहे, म्हणजे पहिलीच्या जवळपास तेवढीच. तिच्यात एका निवेदिकेचा आवाज ऐकण्याच्या स्वातंत्र्याविषयी एक औपचारिक निवेदन वाचतो. पहिल्या टोकाला शब्दांविना सुरावट आणि शेवटच्या टोकाला सुरावटीऐवजी निवेदन, अशी ही मांडणी पाहिली की एखाद्या प्रक्षेपणाचा आरंभ आणि समाप्ती डोळ्यांसमोर येते.

पुढच्या अल्बमांचीही सुरुवात अशीच होते का?

थोडीफार. २००२ च्या ‘जिओगाडी’ची पहिली रचना ५९ सेकंदांची आहे आणि २००५ च्या ‘द कॅम्पफायर हेडफेज’ची ४४ सेकंदांची. २०१३ च्या ‘टुमॉरोज हार्वेस्ट’ची पहिली रचना जवळपास तीन मिनिटांची असली, तरी तिच्या आरंभी एखाद्या जुन्या दूरचित्रवाणी कंपनीच्या बोधचिन्हाबरोबर वाजावी तशी छोटी धून आहे. म्हणजे १९९८ मध्ये जे सूचित होते ते पंधरा वर्षांनी उघड झाले. त्या धुनेनंतर येणारे संगीत भयाकडे झुकते. पहिल्या अल्बमचा मऊपणा तिथे उरलेला नाही.

बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपशी या रचनेचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण वारशाचा आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्या विभागात डॅफ्ने ओरम, डेलिया डर्बीशायर यांच्यासारख्या व्यक्तींनी टेप कापून, जोडून, तिचा वेग बदलून कार्यक्रमांसाठी शीर्षकधुना आणि ध्वनिपरिणाम तयार केले. ब्रिटनमधल्या अनेक पिढ्यांच्या कानांवर पडलेले पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत शाळेसाठीच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या आरंभी वाजणारे होते. तिथे अर्ध्या-एक मिनिटात एक पूर्ण जग उभे करावे लागे, आणि ‘वाइल्डलाइफ ॲनालिसिस’ला ती शिस्त ठाऊक आहे. तो विभाग १९९८ च्या मार्चमध्ये बंद झाला, म्हणजे हा अल्बम बाजारात येण्याच्या अगदी आदल्या महिन्यात. हा निव्वळ योगायोग आहे, तरी तो माझ्या मनातून जात नाही.

ही रचना सुटी ऐकली तर चालेल का?

ऐकता येईल, पण तिचे काम अर्धवट राहील. तिच्यानंतर निदान दुसरी रचना तरी लगेच ऐकावी. त्यासाठी क्रम उलटसुलट करणारी शफलची सोय बंद ठेवावी आणि दोन रचनांमध्ये खंड न पाडणारी सोय सुरू ठेवावी. आवाज सुरुवातीला वाढवू नये; दुसरी रचना रंगात आली की आपसूकच पुरेसा होतो. हेडफोन चांगले असतील तर उत्तमच, परंतु या संगीताला अतिशय महाग यंत्रणेची गरज नाही, कारण उंच कंप्रतांचा मोठा भाग इथे मुद्दामच मऊ केलेला आहे.

मला अशी प्रारंभिक रचना स्वतः करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सुरावटीपासून. चार-पाच स्वरांची, गुणगुणता येईल अशी ओळ हवी, कारण झीज सोसायची तर मूळ आकृती साधी आणि ठळक असावी लागते. गुंतागुंतीची स्वररचना डगमगली की तिचा चिखल होतो. ती ओळ दोन आवाजांत वाजवावी आणि एकाचा सूर दुसऱ्यापासून अगदी किंचित सरकवावा.

हेलकाव्यासाठी खरे टेपयंत्र मिळाले तर रचना त्यावर मुद्रित करून परत संगणकात घ्यावी, आणि हे दोन-तीनदा करून प्रत्येक फेरीनंतर ऐकावे. यंत्र नसेल तर संगणकावर सुराचा चढउतार घडवता येतो, परंतु नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात. ते चढउताराचा वेग एकसारखा ठेवतात. एकसारखा हेलकावा ऐकणाऱ्याला काही सेकंदांतच कळतो आणि त्याचा यंत्रवत परिणाम होतो. खऱ्या टेपचा हेलकावा अनियमित असतो: काही क्षण जवळजवळ स्थिर, मग अचानक एक लांब उतार, मग छोटे थरथरणे. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या गतींचे चढउतार एकमेकांवर ठेवावेत आणि त्यांची तीव्रता हाताने कमीजास्त करावी. एकूण बदल १ टक्क्याच्या आसपास ठेवून पाहावा; तो ३ टक्क्यांवर गेला की हुरहूर जाऊन मळमळ येते.

त्यानंतर उंच कंप्रता हळूहळू कमी कराव्यात आणि पार्श्वभूमीला टेपची सुरसुर अगदी मंद ठेवावी. शांत जागी ती ऐकू आलीच पाहिजे, पण तिच्याकडे लक्ष जाता कामा नये. खरखर, तडतड, जुन्या रेडिओचे आवाज असे सारे एकदम घालण्याचा मोह आवरावा. त्यातून नाटकातल्या नेपथ्यासारखे जुनेपण तयार होते.

सर्वांत अवघड निर्णय लांबीचा असतो. कानाला हेलकाव्याची सवय व्हायला साधारण मिनिटभर द्यावे लागते, आणि सवय झाल्यावर रचना चालूच राहिली तर ती स्वतःकडे लक्ष मागू लागते. म्हणून आपली रचना अनोळखी माणसाला ऐकवावी आणि त्याने मान हलवायचे किंवा कपाळाला आठ्या घालायचे थांबवले, की घड्याळ पाहावे. त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत आवाज ओसरू द्यावा, आणि सुरावट शेवटच्या स्वरावर येऊन टेकण्याची वाट पाहू नये.